वाटणीतली बाकी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पंढरपूरची वारी मुंबईच्या अखत्यारीत येते आणि हजची यात्रा दिल्लीच्या. आपल्या संविधानाच्या शेवटी ज्या अनुसूची जोडल्या आहेत, त्यांतल्या सातव्या अनुसूचीत ही वाटणी लिहून ठेवली आहे. राज्यसूचीतली सातवी नोंद सांगते की, भारताबाहेरच्या यात्रा सोडून बाकीच्या यात्रा राज्याच्या. संघसूचीतली विसावी नोंद सांगते की, भारताबाहेरच्या यात्रा केंद्राच्या. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात दिव्याबत्तीची सोय कोणी बघायची आणि मक्केला निघालेल्या हाजींची काळजी कोणी वाहायची, हा प्रश्न दोन ओळींत मिटला आहे.

अशा नोंदी वाचताना मला नेहमी मौज वाटते. राज्यसूचीच्या दहाव्या नोंदीत कब्रस्तान आणि स्मशान एकाच ओळीत शेजारी शेजारी आहेत. पोलीस दुसऱ्या नोंदीत, शेती चौदाव्या, पाणी सतराव्या. सैन्य, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे आणि चलन केंद्राकडे. आत्ता मी ज्या ध्वनिक्षेपकासमोर बसून तुमच्याशी बोलतो आहे, तो व्यवहारही केंद्राचाच, संघसूचीतल्या एकतिसाव्या नोंदीतला. लग्न, घटस्फोट आणि वारसा हे तिसऱ्या, म्हणजे समवर्ती सूचीत. त्यात दोघांनाही कायदा करता येतो. दोघांच्या कायद्यांत विरोध आला, तर साधारणपणे केंद्राचा कायदा चालतो. १९५० साली संविधान अमलात आलं तेव्हा संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या.

आता प्रश्न असा, की या दोनशे दहा नोंदींत जे आलंच नाही, ते कोणाचं?

आपल्याकडे भाऊ वेगळे होतात तेव्हा वाटणीपत्र करतात. मळा थोरल्याला, घर धाकट्याला, विहिरीचं पाणी पाळीनं. जाणता माणूस शेवटी एक कलम घालायला सांगतो: या कागदात जी मिळकत आली नाही आणि पुढे निघेल, ती अमक्याची. त्या दिवशी त्या ओळीला किंमत नसते. वीस वर्षांनी बांधाजवळून हमरस्ता जातो, मग त्या ओळीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजतात. राज्यघटनेतल्या या ओळीला ‘शेषाधिकार’ म्हणतात. मी बी.ए.ला होतो तेव्हा राज्यशास्त्राच्या पेपरात यावर पाच मार्कांची टीप यायची. आम्ही ती पाठ करायचो: शेषाधिकार केंद्राकडे, कलम २४८, संघसूचीतली नोंद ९७. या पाच मार्कांवर एका देशाची बोलणी वीस वर्षं अडत राहिली, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही.

संघराज्याची घटना लिहिणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेनं १७९१ साली दहावी घटनादुरुस्ती करून सांगितलं की, जे अधिकार संघाला दिलेले नाहीत आणि राज्यांना मनाईही केलेली नाही, ते राज्यांचे किंवा लोकांचे. पुढे त्याच अमेरिकेत राज्यं फुटून निघाली आणि १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. ते शेजारून पाहणाऱ्या कॅनडानं १८६७ साली उलटं केलं. जॉन मॅकडोनल्ड आणि त्यांचे सहकारी म्हणाले, उरलेलं सगळं मध्यवर्ती सरकारकडे राहू द्या. ऑस्ट्रेलियानं १९०१ मध्ये पुन्हा अमेरिकेची वाट धरली. गंमत अशी की, अमेरिकेत केंद्र वाढतच गेलं आणि कॅनडात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकालामागून निकाल देऊन प्रांतांना बळ दिलं. कागदावरची शेवटची ओळ सगळंच ठरवत नाही. पण ती लिहिताना कोण कोणाला भीत होतं, ते त्या ओळीत नक्की वाचता येतं.

आपल्याकडची भीती १९२८ साली उघड झाली. मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं स्वतंत्र भारताच्या घटनेचा आराखडा केला. त्यात शेषाधिकार केंद्राला दिले होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्याला सर्वपक्षीय परिषद भरली. तिथं बॅरिस्टर जिनांनी काही दुरुस्त्या मागितल्या. त्यांतली एक होती, शेषाधिकार प्रांतांकडे ठेवा. परिषदेत त्यांना कडाडून विरोध करणाऱ्यांत आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. मार्च १९२९ मध्ये जिनांनी आपले प्रसिद्ध चौदा मुद्दे मांडले, त्यांतला पहिलाच मुद्दा होता: घटना संघराज्याची असावी आणि शेषाधिकार प्रांतांचे असावेत.

या हट्टामागचा हिशेब सरळ होता. दिल्लीत मुसलमान कायमचे अल्पसंख्य राहणार. पंजाब, बंगाल आणि सरहद्द प्रांतात ते बहुसंख्य. मग उद्या जे काही नवं निघेल ते दिल्लीच्या हाती जाण्यापेक्षा लाहोरच्या आणि ढाक्याच्या माणसांच्या हाती राहिलेलं बरं. समोरच्यांचाही हिशेब सरळ होता. शेकडो संस्थानं, डझनभर प्रांत आणि इतके धर्म असलेला देश सैल बांधला तर टिकायचा नाही. दोन्ही बाजूंनी बोलायचे ते घटनेच्या भाषेत, पण विचारायचे एकच: उद्याच्या अनोळखी दिवशी आम्ही तुमच्यावर विसंबायचं का?

इंग्रजांनी १९३५ च्या कायद्यात या भांडणातून आपली पळवाट काढली. संघाच्या ५९, प्रांतांच्या ५४ आणि सामायिक ३६ अशा तीन याद्या त्यांनी केल्या. आपल्या सातव्या अनुसूचीचं मूळ तिथंच आहे. आणि उरलेल्याचं काय? तर प्रत्येक वेळी गव्हर्नर जनरल आपल्या मर्जीनं ठरवील की, हा विषय केंद्राचा की प्रांताचा. दोन भाऊ ऐकेनात, तेव्हा बाकी सावकारानं स्वतःच्या खिशात टाकली, त्यातला हा प्रकार.

१९४६ च्या मे महिन्यात कॅबिनेट मिशननं योजना मांडली. केंद्राकडे फक्त परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण आणि त्यांच्यापुरता पैसा उभारण्याचा अधिकार. बाकी सगळं, शेषाधिकारांसकट, प्रांतांकडे. देश एक ठेवायचा तर ही किंमत मोजायला काँग्रेसही, कुरकुरत का होईना, तयार झाली होती. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा भरली. १३ डिसेंबरला जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. त्या ठरावात स्पष्ट शब्दांत आहे की, घटक स्वायत्त असतील आणि शेषाधिकार त्यांचे असतील. मुस्लिम लीगच्या खुर्च्या त्या दिवशी रिकाम्या होत्या.

तीन दिवसांनी एक सभासद उठले आणि म्हणाले, हा ठराव आत्ता मंजूर करू नका. लीगला आणि संस्थानांना येऊ द्या, त्यांच्यासाठी थांबा. हे सभासद म्हणजे तेच मुकुंदराव जयकर, ज्यांनी अठरा वर्षांपूर्वी कलकत्त्यात जिनांना अडवलं होतं. सभागृहात नाराजी पसरली. दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, अध्यक्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव पुकारलं. त्या भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही एकत्र वाचायला हव्यात. पहिली, की मला बलवान केंद्र हवं आहे, १९३५ च्या कायद्यातल्या केंद्राहूनही बलवान. दुसरी, की तरीसुद्धा थांबा. जे आपल्याबरोबर यायला कचरतात त्यांच्या मनातली अढी जाईल असं काही करा, म्हणजे ते आपणहून येतील. बलवान केंद्राचा सर्वांत स्पष्ट पुरस्कर्ता समोरच्याची समजूत घाला म्हणत होता.

सभा महिनाभर थांबली. लीग आली नाही. २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव मंजूर झाला, शेषाधिकार घटकांकडे ठेवूनच.

मग आला ३ जून. माउंटबॅटन यांनी फाळणीची योजना जाहीर केली. ज्यांची मनं राखण्यासाठी केंद्र सैल ठेवायचं होतं, तेच आता वेगळे होणार होते. काही दिवसांतच संविधान सभेच्या समित्यांनी दिशा बदलली. नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या संघ-अधिकार समितीनं ५ जुलै १९४७ च्या दुसऱ्या अहवालात लिहिलं की, आता फाळणी ठरलेली असताना दुबळं केंद्र देशाच्या हिताला बाधक ठरेल. शांतता राखणं, जगात देशाच्या वतीनं बोलणं हे दुबळ्या केंद्राला जमणार नाही. तीन याद्या असतील आणि शेषाधिकार केंद्राकडे राहतील. २० ऑगस्टला हा अहवाल सभेपुढे आला, तेव्हा पंजाबातून निर्वासितांचे तांडे चालत होते.

जानेवारीत प्रांतांची असलेली बाकी ऑगस्टपर्यंत दिल्लीची झाली. ज्या पिढीनं ते केलं तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. घर पेटलेलं असताना माणूस तिजोरीची किल्ली एकाच हातात ठेवतो. पण आपण हेही लक्षात ठेवावं की, ही ओळ शांतपणे, ग्रंथ चाळून ठरलेली नाही. तिच्यावर त्या उन्हाळ्याची धग आहे.

पुढे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीनं या निर्णयाभोवती राज्ययंत्रणा उभी केली. या सात जणांच्या समितीत आसामचे माजी पंतप्रधान सर महंमद सादुल्ला होते आणि ते लीगचे होते, ही गोष्ट आपल्याकडे क्वचित सांगितली जाते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी समजावलं की, ही राज्यव्यवस्था दुहेरी आहे, पण तिचं दुहेरीपण तुटकपणाकडे जाऊ नये म्हणून तीन बंध घातले आहेत: एकच न्यायव्यवस्था, मूलभूत कायद्यांत एकरूपता आणि महत्त्वाच्या पदांसाठी समान अखिल भारतीय सेवा. अमेरिकेत राज्यांची न्यायालयं वेगळी आणि संघाची वेगळी. आपल्याकडे मुंबईचं उच्च न्यायालय राज्याच्या कायद्यावर निकाल देतं आणि केंद्राच्याही. ज्याला ज्या विषयावर कायदा करता येतो, तो राबवण्याचा कारभारही साधारणपणे त्याच्याच सरकारचा. केंद्र आणि राज्य भांडले तर वाद थेट सर्वोच्च न्यायालयात. आणि मोठी मेख म्हणजे या तीन सूचींना हात लावायचा, तर संसदेतलं दोन तृतीयांश मतदान पुरत नाही, निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते.

तक्रारी तेव्हाही होत्या. मौलाना हसरत मोहानी संविधान सभेत होते. गुलाम अलींच्या आवाजात त्यांची गझल तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. १९२१ साली अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडणारा हा कवी. ऑक्टोबर १९४९ मध्ये प्रास्ताविकेवर चर्चा चालू असताना त्यांनी दुरुस्ती सुचवली की, सोव्हिएत रशियाच्या धर्तीवर हा समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ असावा. दुरुस्ती फेटाळली गेली. त्यांचा मार्ग मला पटत नाही. त्यांनी पुढे केलेल्या सोव्हिएत संघात प्रजासत्ताकांना अधिकार होते ते कागदावर. पण लीगचे बहुतेक नेते निघून गेल्यावर, उजाडलेल्या बाकांवर बसून, न घाबरता आपला वेगळा मुद्दा मांडणारा तो म्हातारा कवी मला आवडतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी, समारोपाच्या भाषणात, बाबासाहेबांनी या तक्रारीला उत्तर दिलं. केंद्राकडे इतर कुठल्याही संघराज्यापेक्षा जास्त विषय असतील, शेषाधिकारही केंद्राकडे असतील. पण संघराज्याचं मर्म त्यात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अधिकारांची वाटणी केंद्राच्या कायद्यानं न होता खुद्द घटनेनं केलेली आहे, हे ते मर्म. म्हणजे राज्यं दिल्लीची कुळं नाहीत. दोघांचाही सातबारा एकाच दप्तरात आहे.

त्या शेवटच्या नोंदीतून पुढे काय काय निघालं? १९७१ साली संपत्ती कराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की, शेतजमिनीची किंमत धरून एकूण मालमत्तेवर कर बसवण्याचा अधिकार संसदेला आहे. १ जुलै १९९४ पासून टेलिफोनच्या बिलावर पाच टक्के सेवाकर लागला. घटनाकारांच्या यादीत ‘सेवा’ असा करविषय नव्हता, म्हणून तोही ९७व्या नोंदीचा आधार घेऊन आला. पुढे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, त्यासाठी मात्र घटनादुरुस्ती करून एक परिषद नेमली गेली. तिच्यात केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश वजन हवं. म्हणजे एकट्या दिल्लीला काही करता येत नाही आणि दिल्लीला वगळूनही काही होत नाही.

दरम्यान सरकारिया आयोगानं १९८८ साली सुचवलं होतं की, कर सोडून इतर शेषाधिकार समवर्ती सूचीत न्यावेत. ते झालं नाही. उलट १९७६ मध्ये, आणीबाणीत, शिक्षण आणि जंगलं राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेली होती, ती तिथंच राहिली. जम्मू-काश्मीरपुरते शेषाधिकार राज्याकडे होते. ती व्यवस्था ऑगस्ट २०१९ मध्ये संपली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय ग्राह्य धरला. पण दिल्लीकडे बोट दाखवणाऱ्या राज्यांनी खालीही पाहावं. १९९३ पासून घटनेत पंचायतींसाठी २९ विषयांची यादी आहे, आणि त्यांतले किती द्यायचे हे राज्याच्या हाती आहे. गावाला हक्क देताना राज्यांचाही हात आखडतो.

हे सगळं वाचताना एक विचार माझा पिच्छा सोडत नाही. १९२९ मधल्या त्या पहिल्या मुद्द्यानं माझ्यासारख्या माणसाचं काय भलं होणार होतं? पंजाब आणि बंगालच्या मुसलमानाला प्रांताचे शेषाधिकार उपयोगी पडले असते. पण मुंबई इलाख्यातल्या, मध्य प्रांतातल्या, मद्रासेतल्या मुसलमानाला? तो दिल्लीतही थोडा आणि मुंबईतही थोडाच. बाकी इकडे ठेवली काय नि तिकडे ठेवली काय, त्याच्या पदरात दोन्हीकडे सारखंच. हेच गावातल्या दलिताला लागू आहे, आणि परप्रांतात पोट भरायला गेलेल्या मराठी माणसालाही. कोणत्या सरकारनं माझ्यावर राज्य करावं, यापेक्षा कोणत्याही सरकारला माझं काय करता येणार नाही, हा अशा माणसाचा प्रश्न असतो.

आपल्या घटनेनं या प्रश्नाला वेगळ्या जागी उत्तर दिलं. सातव्या अनुसूचीत वाटणी आहे. पण तिसऱ्या भागात काही गोष्टी वाटणीतून बाहेरच काढल्या आहेत. कलम १२ सांगतं की, ‘राज्य’ म्हणजे केंद्र सरकार, राज्य सरकार आणि पंचायत-पालिकासुद्धा. कलम १३ सांगतं की, यांपैकी कोणीही मूलभूत हक्क हिरावणारा कायदा केला तर तो तेवढ्यापुरता रद्द. आणि कलम ३२ सांगतं की, तुम्ही थेट सर्वोच्च न्यायालयात जा. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटलं, ते उगाच नाही.

या कलमांनी नेहमीच हात दिला असं नाही. आणीबाणीत विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्यांच्या बाजूनं देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी कौल दिला, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो चार विरुद्ध एक असा फिरवला. वेगळं मत लिहिणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. १९७८ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं ठरलं.

त्या १९७६ च्या निकालाला सर्वोच्च न्यायालयानं औपचारिक मूठमाती दिली २४ ऑगस्ट २०१७ रोजी. नऊ न्यायमूर्तींपुढे प्रश्न होता की, खासगीपणा हा हक्क आहे का? संविधानात हा शब्द हक्क म्हणून कुठंच लिहिलेला नाही. सरकारी वकिलांचा एक मुद्दा तोच होता. नऊही न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की, लिहिलेला नसला तरी तो जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कात आहे. म्हणजे जे न लिहिलेलं राहिलं होतं, ते या खेपेला दिल्लीलाही गेलं नाही आणि कुठल्या राज्यालाही नाही. ते नागरिकाकडे आलं.

भारताचं संविधान मराठीत छापलेलं मिळतं. जिल्ह्याच्या कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात ते असतं. कधी हाती लागलं तर शेवटाकडून सुरुवात करा. आधी सातवी अनुसूची वाचा, वारी, हज, कब्रस्तान आणि स्मशान शोधून काढा. मग पानं मागे उलटत तिसऱ्या भागाशी या, आणि वाटणीत काय घेतलेलंच नाही तेही वाचा.